पांढरं कापड घातलेलं स्टूल : आमच्या धर्मग्राम (पॅरिश) परिषदेला खुले पत्र

आदरणीय फादर आणि परिषदेच्या बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी वेदीजवळची पहिली जांभळी मेणबत्ती पेटली आणि त्याच मिस्साच्या (उपासनेच्या) शेवटी आपली सूचना वाचून दाखवण्यात आली. नाताळच्या रात्री मैदानात फार गर्दी होते, म्हणून ७० वर्षांवरील ज्येष्ठांनी २४ तारखेच्या रात्रीच्या मिस्साला येणं टाळावं आणि घरीच थेट प्रक्षेपण पाहावं. घरी असलेल्या आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात पवित्र केलेली भाकर, जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी मिळेल. २९ आणि ३० डिसेंबरला सकाळची मिस्सा होणार नाही. एवढं सांगून झालं आणि लगेच तारा स्पर्धेची तारीख आली.

मी ७१ वर्षांची आहे. वसईतच जन्मले, वसईतच दिली गेले. ३४ वर्षं मराठी शाळेत शिकवलं, त्यातली बरीच वर्षं रविवारी मुलांना धर्मशिक्षणही दिलं. आज परिषदेवर असलेल्यांपैकी तिघे-चौघे माझ्याच वर्गात बसलेले आहेत. सूचना ऐकल्यावर मी दुसऱ्याच दिवशी कार्यालयात चिठ्ठी दिली. आठवड्याने दुसरी दिली. दोन्हींचं उत्तर आलं नाही. नाताळ तोंडावर आला आहे आणि हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर ठेवते आहे.

आधी गेल्या नाताळात आमच्या घरी काय झालं ते सांगते, म्हणजे मी का बोलते आहे ते कळेल.

माझ्या सासूबाई तेव्हा ९३ वर्षांच्या होत्या. सगळी आळी त्यांना आय म्हणायची, मीही आयच म्हणत आले. आयने जन्मभर लाल लुगडं सोडलं नाही. पहाटे वाडीतला सोनचाफा वेचायचा, केळीच्या पानात बांधायचा आणि पहिल्या गाडीने दादर गाठायचं, हे तिने पस्तीसेक वर्षं केलं. त्यावर चार मुलं शिकवली. लहानपणी तिने लॅटिन मिस्सा ऐकली होती. अर्थ कळत नसताना सगळी उत्तरं तिला तोंडपाठ होती. साठच्या दशकात व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, तेव्हा आपण इतकी वर्षं काय म्हणत होतो ते पहिल्यांदा कळलं आणि चर्चमध्येच रडू आलं, असं ती सांगायची. गुडघे गेल्यावर शेवटची चार वर्षं ती खाटेवरच होती. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर ख्रिस्तप्रसाद घेऊन यायचे. तिचा महिना त्या शुक्रवारी सुरू व्हायचा.

गेल्या वर्षी २३ डिसेंबरला फोन आला की यंदा आजाऱ्यांना नाताळच्या दिवशीच ख्रिस्तप्रसाद देणार आहोत, सकाळी कोणीतरी येईल. २५ तारखेला आय पहाटे चारला उठून बसली. मला गरम पाणी काढायला लावलं. ठेवणीतलं लुगडं नेसली. खाटेजवळच्या स्टुलावर तिने स्वतः मला पांढरं कापड अंथरायला लावलं. त्याची क्रोशाची कड तिनेच कधीकाळी विणलेली होती. त्यावर तिच्या लग्नातला क्रूस, दोन मेणबत्त्या, वाटीत थोडं पाणी आणि एक चमचा. चहा पुढे केला तर नको म्हणाली. तिच्या लहानपणी मध्यरात्रीपासून उपास असायचा. मी म्हटलं, आय, १९६४ पासून तो नियम एक तासावर आला, आणि म्हाताऱ्या-आजाऱ्यांना तर तासाचंही बंधन नाही. ती म्हणाली, "आज त्याचा वाढदिवस. आज तरी राहू दे."

नऊ वाजता मेणबत्त्या लावल्या. अर्ध्या तासाने विझवल्या. बाहेर मोटारसायकल वाजली की ती हाताने खूण करायची आणि मी पुन्हा लावायची. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. दुपारी दोनला जबरदस्तीने दोन चमचे पेज घेतली तिने. संध्याकाळी पुतणे फुगे आणि केक घेऊन आले, घर भरलं, हसणं-खिदळणं झालं. मध्येच ती मला जवळ बोलावून विचारायची, "आले का?" रात्री मी स्टूल उचलायला गेले तर म्हणाली, "कापड काढू नको. उद्या येतील."

ते कापड पाच दिवस तसंच राहिलं.

३० तारखेला सकाळी मी मिस्साला गेले. नाताळच्या अष्टकात, म्हणजे नाताळपासूनच्या आठ दिवसांत, त्या दिवशी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातलं हन्नाचं वाचन असतं. फनूएलची मुलगी, आशेर वंशातली. लग्नानंतर सात वर्षं संसार झाला आणि मग वैधव्य. आता ८४ वर्षांची. मंदिर सोडून ती कुठे जात नसे, रात्रंदिवस उपास आणि प्रार्थना. बाळ येशूला मंदिरात आणलं तेव्हा ती तिथे आली. घरी येऊन मी आयला ते सांगितलं. तिने डोळे न उघडताच विचारलं, "तिला मूल हातात घ्यायला मिळालं का?" मी खरं ते सांगितलं, की त्याच वेळी मंदिरात आलेल्या शिमोनाने घेतलं असं लिहिलेलं आहे, हन्नाने घेतलं असं लिहिलेलं नाही. त्यावर आय म्हणाली, "घेतलंच असणार. लिहायचं राहिलं असेल."

त्याच रात्री तिचा श्वास लागला. फोन केल्यावर फादर वीस मिनिटांत आले. तैलाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) दिला, तिचा हात हातात धरून बसले, आमच्याबरोबर प्रार्थना केली. ख्रिस्तप्रसाद मात्र देता आला नाही. तिला गिळता येत नव्हतं. पहाटे ती गेली.

फादर, आपल्याबद्दल माझ्या मनात राग नाही, हे मी सगळ्यांसमोर लिहिते. त्या आठवड्यात आपण किती मिस्सा केल्या, किती तास कुमसार (पापांची कबुली) ऐकले, ते मी पाहिलं आहे. चूक एका माणसाची नव्हती. कोण कोणाच्या घरी जाणार याची यादीच कोणी केली नव्हती, असं मला नंतर समजलं. गायनाची यादी होती, स्टॉलची होती, पार्किंगवर कोण उभं राहणार याचीही होती. आय आणि तिच्यासारखी आणखी माणसं कोणत्याच कागदावर नव्हती. आणि या वर्षी ती चूक दुरुस्त करायच्या ऐवजी आपण तिचा नियम करून टाकला, हे मला गप्प बसून पचवता येत नाही.

आता सूचनेबद्दल.

थेट प्रक्षेपणापासून सुरुवात करते. २०२० साली चर्च बंद होतं तेव्हा याच प्रक्षेपणाने आम्हाला तगवलं, ते मी विसरलेले नाही. ज्याला उठताच येत नाही त्याला आजही त्याचा आधार आहे, तो राहू द्या. पण ज्याला येता येतं, यायचं आहे, त्याला घरी बस आणि मोबाइलवर बघ म्हणणं ही वेगळी गोष्ट झाली. लूक काय सांगतो ते बघा. शिमोनाला पवित्र आत्म्याने शब्द दिला होता की प्रभूचा ख्रिस्त पाहिल्याशिवाय तुला मरण येणार नाही. तो मंदिरात आला, त्याने बाळाला हातांवर घेतलं आणि मग म्हणाला, प्रभू, आता तुझ्या दासाला शांतीने जाऊ दे, माझ्या डोळ्यांनी तुझं तारण पाहिलं. आधी हातांवर घेतलं, मग ते शब्द आले. तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्याला भेट हवी असते. आपल्या श्रद्धेत ती भेट ख्रिस्तप्रसादात होते, जिभेवर होते. ती पडद्यावरून होत नाही, हे आपणच आम्हाला लहानपणापासून शिकवलंत आणि मीही तुमच्या मुलांना तेच शिकवलं.

गर्दीचं कारण मला कळतं. गेल्या वर्षी एक काका मैदानात चक्कर येऊन पडले आणि सगळे घाबरले. काळजीतूनच हा विचार आला असेल. पण ते का पडले? चर्चच्या बाजूच्या दारापुढे स्टेजचं सामान रचून ठेवलं होतं, म्हणून त्यांना पुढच्या पायऱ्यांवरून चढायला जमलं नाही आणि ते डिसेंबरच्या दंवात मैदानातल्या शेवटच्या रांगेत दोन तास बसले. दान आलेली चाकांची खुर्ची भांडारखोलीत कुलपात होती आणि किल्ली कोणाकडे आहे ते त्या रात्री कोणालाच माहीत नव्हतं. दार मोकळं करायचं, खुर्ची बाहेर काढायची, की म्हाताऱ्यांना घरी बसवायचं, यातला सोपा मार्ग आपण निवडला.

सत्तरीची रेषा कोणी आखली? आपल्या वाड्यांमध्ये ७५ वर्षांची माणसं अजून केळीच्या बागेत पाणी सोडतात. अर्नाळ्याच्या बाजूला त्या वयाच्या बाया बोंबील वाळत घालतात. त्यांच्या तब्येतीचा निर्णय त्यांना घेऊ द्या.

मिस्साच्या वेळेबद्दल मी तक्रार करत नाही. रात्रीची मिस्सा किती वाजता असावी यावर मतं असू शकतात, तरुणांचा उत्साह असतो, तो असावाच. माझ्या नातवाने यंदा नाताळच्या गोठ्यात आपल्या बावखलाचा (वाडीतल्या तळ्याचा) देखावा केला आहे, काठावर नारळ, पाण्यात बदकं. मीच त्याला शेवाळ आणून दिलं. गोठे, तारे, नाताळगीतं, यातलं काहीही कमी करा असं मी म्हणत नाही.

मला खटकतं ते हे, की आगमनकाळ आता फक्त तयारीचा काळ झाला आहे. मंडप, तालीम, वर्गणी, बक्षिसं. चर्चने हा काळ वाट पाहण्यासाठी ठेवला आहे. १६ डिसेंबरपर्यंतची वाचनं आणि प्रार्थना मुख्यतः प्रभूच्या दुसऱ्या येण्याबद्दल बोलतात, १७ पासून त्या बेथलेहेमकडे वळतात. तरुणाला दुसरं येणं दूरचं वाटतं, ते स्वाभाविक आहे. नव्वदीतल्या माणसाला ते दाराबाहेरच्या पायरीइतकं जवळ असतं. आय रोज रात्री झोपताना शिमोनाचे तेच शब्द म्हणायची. चर्चच्या रात्रीच्या प्रार्थनेतही ते रोज असतात. बहुतेक लोक म्हणतात आणि सकाळी उठतात. आय म्हणायची तेव्हा खरोखर परवानगी मागत असायची. मृत्यूची वाट पाहते असं ती कधी म्हणाली नाही. "तो येईल" एवढंच म्हणायची. आपल्या धर्मग्रामात आगमनकाळ सगळ्यात मनापासून पाळणारी माणसं घरातल्या मागच्या खोल्यांत खाटेवर आहेत, आणि त्यांनाच आपण नाताळाच्या यादीतून वगळलं.

लूकच्या शुभवर्तमानात नाताळाची गोष्ट सुरू होते तीच मुळी दोन म्हाताऱ्या माणसांपासून, जखऱ्या आणि अलीशिबा यांच्यापासून. आणि बाळ येशूला मंदिरात आणलं, तेव्हा त्याला ओळखणारे म्हणून ज्या दोघांची नावं लूकने लिहून ठेवली तेही शिमोन आणि हन्ना. मंदिरात त्या दिवशी याजक असतील, व्यापारी असतील, यात्रेकरू असतील. योसेफ आणि मरिया तर कबुतरांच्या जोडीचं गरिबाचं अर्पण घेऊन आलेलं साधं जोडपं. त्यांच्याकडे वळून कोणी पाहिलं नाही, यांनी पाहिलं. शिमोनाचं वय लूक सांगत नाही, आपण त्याच्या शब्दांवरून तो म्हातारा होता असं समजतो. हन्नाचं मात्र वय दिलं आहे. तिला मंदिरात राहू दिलं म्हणून ती त्या घडीला तिथे होती. आणि पुढे काय केलं तिने? यरुशलेमच्या मुक्ततेची वाट पाहणाऱ्या सगळ्यांना ती त्या बाळाविषयी सांगत राहिली. ८४ वर्षांच्या विधवेला लूकने साक्षीदार केलं आहे. म्हणूनच २९ आणि ३० डिसेंबरच्या मिस्सा बंद ठेवण्याचं मला फार वाईट वाटलं. वर्षातले हे दोन दिवस, पहिल्या दिवशी शिमोनाचं वाचन, दुसऱ्या दिवशी हन्नाचं. सकाळच्या मिस्साला एरवीही आम्ही म्हातारी माणसंच असतो. कार्यकर्ते दमलेले असतात, सहलीला जातात, त्यांनी खुशाल जावं. त्या मिस्साला स्टेज लागत नाही, गायकवृंद लागत नाही. एक धर्मगुरू आणि आम्ही. आपल्या फादरांना विश्रांती हवी असेल तर शेजारच्या धर्मग्रामातून किंवा मठातून एखाद्या फादरांना बोलावता येईल. विचारून तरी पाहिलं का?

जुलैमध्ये आपण आजी-आजोबांचा दिवस केला होता. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून तो सगळ्या चर्चसाठी सुरू केला. आम्हाला प्रत्येकाला गुलाब मिळाला, पुढे बसवून फोटो काढले. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ज्यांना गुलाब दिला त्यांनाच नाताळला येऊ नका म्हणताना कोणाच्या तरी मनात प्रश्न यायला हवा होता. परिषदेत सत्तरीपुढचं एकही माणूस नाही. असतं तर ही सूचना अशी निघाली नसती, असं मला वाटतं.

बऱ्याच घरांची परिस्थिती आपल्याला माहीत आहे. मुलं आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात. मोठी घरं, खाली एक म्हातारी आणि कामाला येणारी मुलगी. नाताळच्या दिवशी तिकडून व्हिडिओ कॉल येतो, नातवंडं हात हलवतात. म्हणजे त्या दिवशी तिला लेकरंही पडद्यावर आणि प्रभूही पडद्यावरच.

आता मागण्या. नवीन पैसे लागतील असं त्यात फार काही नाही.

७० वर्षांची अट असलेली सूचना येत्या रविवारी मिस्सामध्येच मागे घ्या. चौकटीतला कागद फलकावरून काढून चालणार नाही, जशी वाचली तशीच मागे घेतल्याचंही वाचा. पुष्कळांनी ती ऐकून यायचं रद्द केलं आहे.

२४ तारखेच्या रात्री चर्चच्या आत, बाजूच्या दाराजवळच्या रांगा ज्येष्ठांसाठी ठेवा. ते दार मोकळं ठेवा. पायरीवर लाकडी उतार टाका, आमच्या आळीतला सुतार तो एका दिवसात करून देईल, मी त्याच्याशी बोलले आहे. चाकांच्या खुर्चीची किल्ली कोणाकडे आहे ते आधीच जाहीर करा.

घरी असलेल्या प्रत्येक आजाऱ्याला २५ डिसेंबरलाच ख्रिस्तप्रसाद मिळाला पाहिजे. फादरांनीच सगळीकडे जावं असं मी म्हणत नाही, ते शक्य नाही. ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेले, सेवक नेमण्याची मुभा चर्चने १९७३ साली दिली आहे आणि आपल्याकडे असे सेवक आहेत. आळीवार घरं वाटून घेतली तर सकाळच्या मिस्सानंतर दोन तासांचं काम आहे. चर्चच्या कॅनन कायद्याचं कलम ५२९ धर्मग्रामाच्या फादरांना आजाऱ्यांची आणि मरणाच्या दारात असलेल्यांची विशेष काळजी घ्यायला सांगतं, म्हणून मी ही कृपा मागते आहे असं समजू नका. आणि ज्या घरी येणार म्हणून कळवलं तिथे जा. उशीर होणार असेल तर फोन करा. दिवसभर मेणबत्ती लावणं-विझवणं काय असतं ते मी पाहिलं आहे.

२९ आणि ३० तारखेच्या मिस्सा होऊ द्या. आणि २ फेब्रुवारीला, नाताळपासून चाळिसाव्या दिवशी, प्रभूच्या समर्पणाच्या सणाला मेणबत्त्या आशीर्वादित होतात, तेव्हा घरी असलेल्यांच्या मेणबत्त्याही वेदीजवळ ठेवा आणि नंतर त्यांच्या त्यांच्या घरी पोचवा.

नवीन परिषद निवडाल तेव्हा त्यात दोन ज्येष्ठ असावेत. माझं नाव घालू नका, मला ऐकू कमी येतं.

आमच्या आळीतल्या आणि शेजारच्या दोन आळ्यांतल्या घरी असणाऱ्या माणसांची यादी मी घरोघरी जाऊन केली आहे. अकरा नावं आहेत. कोणाला गिळायला त्रास होतो, कोणाला लहान तुकडाच द्यावा लागेल, कोणाच्या घरी कुत्रा बांधायला सांगावं लागेल, ते प्रत्येक नावापुढे लिहिलं आहे. ती यादी इथे छापत नाही, उद्या सकाळी कार्यालयात आणून देते. बाकीच्या आळ्यांच्या याद्या करायला तीन बाया तयार आहेत. २५ तारखेला सकाळी सातनंतर केव्हाही निरोप द्या, घरं दाखवायला मी स्वतः सेवकांबरोबर येईन. आयचं पांढरं कापड धुऊन ठेवलं आहे. यादीतल्या दोन घरांत स्टुलावर घालायला कापड नाही, तिथे ते घेऊन जाईन.

प्रभूमध्ये आपली,
धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षिका
वसई